घरचं गिमलेट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात गिमलेट या जिन-लिंबाच्या कॉकटेलची कृती दिली होती. थोडक्यात ती अशी: जिन ६० मिली, घरी केलेलं लिंबाचं कॉर्डियल (लिंबाची साल आणि रस उतरवलेला साखरेचा पाक) ३० मिली, लिंबाचा ताजा रस ७ ते ८ मिली. तिन्ही बर्फासोबत जोरात हलवायचं, गाळायचं आणि गार केलेल्या छोट्या ग्लासात ओतायचं. कृती लहान असूनही पत्रं भरपूर आली. बहुतेकांचं सगळं लक्ष जिनच्या बाटलीवर असतं. गिमलेट बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा लिंबात आणि बर्फात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पुण्यातल्या एका बारमध्ये घेतलेल्या गिमलेटची चव अजून जिभेवर आहे. घरी केलं तेव्हा कॉर्डियल नव्हतं, म्हणून दोन चमचे साखर घातली आणि चमच्यानं खूप वेळ ढवळलं. लिंबाच्या सरबतात जिन ओतल्यासारखं लागलं. काय चुकलं? (लातूर)

पहिली चूक कोरड्या साखरेची. थंड द्रवात साखर हळू विरघळते, दारू असेल तर आणखी हळू. त्यामुळे वरचे घोट आंबट लागतात आणि तळाशी गोड गाळ राहतो.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या पेयात लिंबाची साल नव्हती. रसात आंबटपणा असतो, पण लिंबाचा खरा वास सालीतल्या तेलात असतो. जिनला तिचा खास वास देणाऱ्या जुनिपरच्या फळांशी जुळतं ते हे तेलच. ते साखरेत उतरवून घेणं हाच कॉर्डियलचा सगळा उद्देश.

आठ हिरवी, टणक लिंबं धुऊन अगदी कोरडी पुसा. बारीक खिसणीवर फक्त वरची हिरवी साल खिसा. आपल्या कागदी लिंबाची साल नावाप्रमाणेच पातळ असते. एका जागी एक-दोनदा घासलं की पांढरा भाग दिसतो आणि तो कडू असतो, म्हणून लिंबू सतत फिरवत राहा. हा कीस २५० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, फिकट हिरवी दिसते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. झाकून दोन तास ठेवा. मग ३०० मिली पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम करून त्यात ही साखर विरघळवा. कोमट झाल्यावर ६० मिली लिंबाचा रस आणि १५ ग्रॅम लिंबूसत घाला, तलम कपड्यातून गाळा आणि काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. साधारण अर्धा लिटर होतं, म्हणजे सोळा-सतरा ग्लासांचं काम झालं. तीन आठवडे चांगलं राहतं.

कीस घातल्यावर पाक उकळू नका. उकळलं की तेल वाफेबरोबर उडून जातं आणि शिजलेल्या लिंबाचा जड वास उरतो. कीस रात्रभर पाकात राहू दिला तर कडवटपणा उतरतो. लिंबूसत कशाला, असंही काहींनी विचारलंय. सगळा आंबटपणा रसातूनच आणायचा तर रस इतका लागतो की पाक पातळ होतो, शिवाय ताज्या रसाची चव दोन दिवसांत उतरते. लिंबूसत मोजकंच घ्या, वजनकाट्यावर. चमच्याच्या अंदाजानं घेतलं तर दर बाटलीची चव वेगळी येईल.

आणि ढवळू नका, हलवा. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा शेकर म्हणून उत्तम चालतो, गाळायला चहाची गाळणी पुरते.

आमच्याकडे मे महिन्यात बर्फ बघता बघता वितळतो. हलवलं की पेय पाणचट, कमी हलवलं की कोमट. बाजारातला लादीचा बर्फ फोडून घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

आधी एक गैरसमज काढून टाकू. गिमलेटमध्ये पाणी व्हायलाच हवं. आपण डब्यात घालतो ते तिन्ही जिन्नस मिळून ९७-९८ मिली भरतात. त्यात बर्फाचं ४० ते ५० मिली पाणी मिसळलं तरच जिनचा चटका जातो आणि वास मोकळा होतो. एकदा तपासून बघा. हलवून गाळलेलं पेय थेट मापात ओता. १३५ ते १४५ मिली भरलं तर बरोबर. १६० च्या पुढे गेलं तर बर्फ ओला होता. १२० च्या आत राहिलं तर तुम्ही लवकर थांबलात. या एका मोजणीत तुमच्या घरच्या बर्फाची आणि हाताची नेमकी ओळख होते.

पाणचटपणा येतो तो ओल्या बर्फामुळे. फ्रीझरमधून काढलेला खडा कोरडा असतो, बोटाला चिकटतो. तोच खडा वाडग्यात पाच मिनिटं पडला की त्याच्यावर पाणी चढतं आणि ते पाणी काहीही गार न करता सरळ पेयात जातं. म्हणून क्रम बदला. जिन, कॉर्डियल, रस आधी मोजून डब्यात घ्या, ग्लास फ्रीजमध्ये आधीच ठेवलेला असू द्या आणि बर्फ सगळ्यात शेवटी काढा. तोही हात आखडता न घेता, डबा निम्म्याहून जास्त भरेल इतका. थोडाच बर्फ घातला तर तो सगळा वितळून जातो आणि पेय तरीही गार होत नाही. भरपूर बर्फ असेल तर द्रव झपाट्यानं गार होतो आणि मग वितळणं मंदावतं.

बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. दारू आणि साखर असल्यामुळे हे मिश्रण शून्याच्या खाली, उणे पाच अंशांच्या आसपास जाऊ शकतं. डब्याच्या बाहेर पांढरं दव धरलं आणि हात बधिर व्हायला लागला की झालं. झाकण घट्ट बसलं तर घाबरू नका. आतली हवा गार होऊन आकसते म्हणून ते आवळतं. डब्याच्या कडेला तळहातानं एक हलका फटका मारा, सुटेल. आणि बंद डब्यात सोडा घालून कधीही हलवू नका, झाकण उडतं.

लादीचा बर्फ नको. उद्योगासाठी लागणारा, खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम आहे, पण बर्फ पांढरा दिसतो एवढ्यावर तो पिण्याच्या पाण्याचा आहे असं धरून चालू नका. घरीच लावा, बोअरच्या पाण्याचा मात्र लावू नका. आपल्या भागातल्या जड पाण्यातले क्षार बर्फ होताना खड्याच्या मधोमध गोळा होतात आणि वितळल्यावर ग्लासच्या तळाशी पांढरा चुरा दिसतो. गाळलेलं, क्षार कमी केलेलं पाणी वापरा आणि ट्रे झाकून ठेवा. फ्रीझरमध्ये मटण किंवा वाटलेला मसाला असेल तर उघडा बर्फ एका रात्रीत वास धरतो. जिनसारख्या वासाच्या दारूत तो पहिल्याच घोटाला कळतो.

शेतात लिंबाची बाग आहे. कधी रस झणझणीत आंबट, कधी सपक. हिरवं घ्यावं की पिवळं? एका ग्लासाला किती लिंबं? (परभणी)

लिंबं नगावर मोजू नका, रस मिलीत मोजा. मध्यम लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, पण जात, बहार आणि पाणी यांप्रमाणे हे बदलतं. तुमच्याच गावच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं दिलेल्या ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ या घोसानं लागणाऱ्या जातींची झाडं बागेत असतील, तर दोन्हींचा रस वेगवेगळा काढून चाखून बघा. बागाईतदाराला ही सोय घरातच आहे, ती वापरा.

सालीसाठी हिरवं, रसासाठी पिवळेपणाकडे झुकलेलं. हिरव्या सालीचा वास तीक्ष्ण असतो आणि पिकलेल्या लिंबातून रस सहज सुटतो. चाचणी सोपी आहे: १० मिली रस, १० मिली साधा पाक (साखर आणि पाणी समान वजनाचं) आणि २० मिली पाणी मिसळून घोट घ्या. आंबट-गोड बरोबरीनं लागलं तर कृतीतलं माप जसंच्या तसं ठेवा. सपक लागलं तर ताजा रस ७ ऐवजी १० मिली करा, कॉर्डियल कमी करू नका.

पिळताना लिंबू फ्रीजमधलं गार नको. ते जमिनीवर दाबून लोळवा, आडवं कापा आणि एकदाच पिळा. कोरडं पडेपर्यंत पिरगळलं की सालीचा कडवटपणा रसात येतो. ॲल्युमिनियमचा जुना स्क्वीझर असेल तर तो बाजूला ठेवा. आंबट रसानं त्याचा धातू सुटतो आणि चव लागते.

मोसंबीचा हंगाम आहे म्हणून लिंबाऐवजी मोसंबीचा रस वापरला. रस काढला तेव्हा गोड होता, पाहुणे येईपर्यंत कडू झाला. जिनमुळे झालं का? (जालना)

जिनचा यात काही दोष नाही. जिन न घालता नुसता रस ठेवला असता तरी तो कडूच झाला असता. मोसंबीच्या फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नसतं, पण फळ चिरडलं की रसातल्या आम्लाशी गाठ पडून त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं. लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस तर लवकरच बिघडतो. साखर वाढवून हा कडूपणा जात नाही.

म्हणून मोसंबी हातानं पिळा, बिया फुटू देऊ नका, लगेच गाळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. दुसरी अडचण अशी की मोसंबीत आंबटपणा फार कमी, त्यामुळे लिंबाच्या जागी ती नुसती चालत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. त्या फळाला शोभेल असं पेय हवं असेल तर हे करून बघा: जिन ६० मिली, मोसंबीचा रस ४५ मिली, लिंबाचा रस १५ मिली, कॉर्डियल १० मिली. वरच्यासारखंच हलवा. याला गिमलेट म्हणता येणार नाही, पण जिन आणि मोसंबी यांची जोडी यात फार सुरेख बसते.

काही जण म्हणतात बाटलीबंद कॉर्डियल घातलं तरच ते गिमलेट, ताजा रस घातला की नाही. खरं काय? (धाराशिव)

इतिहास बाटलीच्या बाजूनं आहे. लांबच्या समुद्रप्रवासात ‘क’ जीवनसत्त्वाअभावी खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्या सुजून रक्त यायचं. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरनं १७४७ मध्ये संत्री-लिंबं देऊन रुग्ण बरे होतात हे दाखवलं आणि १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमित मिळू लागला. रस टिकवण्यासाठी त्यात दारू घालत. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातल्या लॉकलिन रोझनं १८६७ मध्ये दारूऐवजी साखर वापरून रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांनाही हा रस ठेवणं कायद्यानं बंधनकारक झालं. जहाजावर जिन होती, कॉर्डियल होतं, दोन्ही एकत्र आले. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधली १९३० ची कृती निम्मी प्लिमथ जिन आणि निम्मं कॉर्डियल अशी आहे.

आज ते माप आपल्याला फार गोड लागतं. बाजारात मिळणाऱ्या कॉर्डियलच्या बऱ्याच बाटल्यांत रस थोडा आणि साखर, रंग जास्त असतो. घेण्याआधी लेबलवर रसाचं प्रमाण बघा. नुसता ताजा रस आणि पाक घातला तर पेय छान होतं, पण त्यात सालीची खोली नसते. घरचं कॉर्डियल आणि वर थोडा ताजा रस हा आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग. मापही त्याच हिशेबानं बसवलंय.

कोणती जिन घ्यावी? महागडीच लागते का? (नांदेड)

नाही. बाटलीवर ‘लंडन ड्राय’ असेल ती घ्या. याचा अर्थ ती लंडनची आहे असा नाही. सगळा वास ऊर्ध्वपातनातून आलेला असतो, नंतर रंग किंवा स्वाद मिसळलेला नसतो, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडच्या बहुतेक जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं आणि या पेयाला ते योग्य आहे. ‘ग्रेटर दॅन’सारखी भारतात बनणारी जिन गिमलेटला पुरेपूर चालते. गुलाबी, फळांच्या स्वादाच्या जिन इथे नकोत.

मार्टिनी ढवळतात आणि गिमलेट हलवतात, असं का? (बीड)

मार्टिनीत जिन आणि व्हर्मूथ (वनौषधींच्या स्वादाची वाईन) असतं, दोन्ही पारदर्शक. हलवलं की हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा जाऊन ती धुरकट होते, तिचा रेशमी गुळगुळीतपणा जातो. फळाचा रस असलेलं पेय मुळातच गढूळ असतं, त्याला उलट हवा मानवते. गिमलेट ओतल्यावर वर बारीक फेसाचा थर दिसला पाहिजे. ढवळायचंच असेल तर मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट तरी ढवळावं लागतं. पाच-सहा फेऱ्या मारून थांबणं पुरेसं नाही.

जिनची चव नेमकी ओळखायची कशी? मला सगळ्या सारख्याच वाटतात. (हिंगोली)

गार जिन वास दडवून ठेवते. म्हणून आधी १५ मिली जिन आणि १५ मिली साधं पाणी, दोन्ही खोलीच्या तापमानाचं, एका निमुळत्या तोंडाच्या ग्लासात घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर मिळतं. जुनिपरची वाळलेली फळं ती हीच. दोन फळं खलबत्त्यात ठेचून बशीत ठेवा. शेजारी चिमूटभर धने ठेचून ठेवा, कारण जिनमध्ये जुनिपरच्या खालोखाल बहुतेक वेळा धनेच असतात. तिसऱ्या बशीत लिंबाच्या सालीचा तुकडा. ही फक्त वास घेण्यासाठी, खायची नाहीत. आता आलटून पालटून वास घ्या: हाऊबेर, मग ग्लास. धने, मग ग्लास. साल, मग ग्लास. हाऊबेरचा राळेसारखा, चीडाच्या लाकडासारखा वास एकदा नाकात बसला की तो जिनमध्ये वेगळा काढता येतो. ताजे ठेचलेले धने लिंबासारखे लागतात, हेही इथे लक्षात येतं.

मग गिमलेट करा. पहिला घोट लगेच घ्या. आधी आंबट-थंड, मग सालीचा वास आणि गिळल्यानंतर जुनिपर, या क्रमानं ते उलगडलं पाहिजे. पाच मिनिटांनी दुसरा घोट घ्या. पेय थोडं कोमटलेलं असतं, जिन पुढे येते आणि गोडवाही वाढल्यासारखा वाटतो. दहा-बारा मिनिटांत ते संपावं. म्हणूनच ग्लास छोटा लागतो. सोबत भाजलेले शेंगदाणे ठेवा. काळ्या मसाल्याचं मटण नंतर वाढा, कारण तिखट जिभेवर दारूचा चटका दुप्पट जाणवतो आणि वास काहीच कळत नाही.

जानेवारीत शेतावर हुरडा पार्टी आहे. सहा जण घेणारे, चौघं न घेणारे. शेतात बसून एकेक ग्लास हलवणं जमणार नाही. आधी करून नेता येईल? (उदगीर)

जरूर. एक लिटरच्या काचेच्या बाटलीत जिन ३६० मिली, कॉर्डियल १८० मिली आणि पिण्याचं पाणी २४० मिली घाला. बर्फातून जे पाणी आलं असतं ते आधीच घातल्यामुळे शेतावर हलवायची गरज उरत नाही. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये आणि निघण्याआधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. जास्त वेळ ठेवली तर मिश्रणाचा भुगा होतो. बर्फाच्या पेटीत घालून न्या. लिंबाचा ताजा रस ४५ मिली तिथेच पिळून, ओतण्याआधी बाटलीत घाला आणि बाटली दोन-चारदा उलटसुलट करा. रस घरूनच घालून नेला तर संध्याकाळपर्यंत त्याचा ताजेपणा जातो.

न घेणाऱ्या चौघांना गोड सरबतावर भागवू नका. ३० मिली कॉर्डियल, १० मिली ताजा रस, चिमूटभर मीठ, भरपूर बर्फ आणि १५० मिली गार सोडा, हे सोडा शेवटी घालून एकदाच हलक्या हातानं ढवळा. हुरड्याबरोबरच्या लसणाच्या चटणीनंतर हे फार छान लागतं.

एका ग्लासात एक मोठा पेग जातो, तेव्हा माणशी दोनाच्या पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात जिनसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. परतीच्या गाडीचं स्टिअरिंग त्या चौघांपैकी कोणाकडे, हे जाण्याआधीच ठरवून ठेवा.